झोळीतल्या बाळाचे ऊन कोण मोजणार?

मार्च सरत आला की तहसील कचेरीत टंचाईच्या बैठका सुरू होतात. धरणात पाणी किती टक्के उरले, टँकर किती लागतील, विहिरी किती अधिग्रहित करायच्या, चारा पुरेल की छावणी लागेल, बागा जगतील का, यावर चर्चा होते. ती झालीच पाहिजे. पण घरातले जे सगळ्यात लहान माणूस, ज्याला ‘पाणी द्या’ म्हणता येत नाही आणि उठून सावलीत जाता येत नाही, त्याचा विषय टंचाई आराखड्यात शोधून सापडत नाही. गोठ्यातल्या वासरासाठी आपण तट्ट्या बांधतो. पाळण्यातल्या बाळासाठी काय करतो, याचा हिशेब एकदा मांडायला हवा.

नाला खोलीकरणाच्या किंवा पाणंद रस्त्याच्या मातीकामावर मे महिन्यात एक चक्कर मारा. बांधावर एखादी बाभळ, तिला जुन्या लुगड्याची झोळी, झोळीत सहा-आठ महिन्यांचे लेकरू, आणि ऊन लागू नये म्हणून वरून टाकलेला जाड टॉवेल. सकाळी आठला सावली झोळीवर असते, अकराला ती सरकून पलीकडे गेलेली असते. आई खड्ड्यात माती भरते आहे. लेकरू रडले तर पाच-सहा वर्षांची थोरली बहीण झोका देते. रडायचे थांबले की सगळ्यांना वाटते, झोपले. ते झोपले आहे की उन्हाने मलूल झाले आहे, हे झोळी उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. सगळी गोम इथेच आहे.

तापमापक सावलीत, बाळ पत्र्याखाली

हवामान खात्याचा हिशेब असा आहे. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर गेले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त असले, की उष्णतेची लाट धरतात. पारा थेट ४५ वर गेला तर सरासरी न पाहताच लाट, आणि ४७ ला तीव्र लाट. विदर्भाला हे आकडे नवे नाहीत. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती.

पण हा पारा कुठला? चारही बाजूंनी हवा खेळणाऱ्या, झिलमिल्यांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर टांगलेल्या तापमापकाचा. म्हणजे तो सावलीतला, वाऱ्यातला पारा. आपले बाळ त्या पेटीत राहत नाही. ते राहते पत्र्याच्या खोलीत, विटाच्या भट्टीवरच्या झोपडीत, ऊसतोडीच्या कोपीत, नाहीतर झोळीत. पत्रा तापला की तो वरून भट्टीसारखा आग ओकतो. तेव्हा वर्तमानपत्रात ४३ छापून आले, तर पत्र्याखालच्या बाळाला ४३ च आहे असे समजू नये. त्याच्या वाट्याला त्याहून जास्तच येते.

झोळीचेही तसेच. वरून कोरडे कापड टाकले की ऊन अडते हे खरे, पण वाराही अडतो आणि आतली गरम हवा आतच कोंडते. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठाने बाळाच्या ढकलगाडीवर याची चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पातळ कोरड्या कापडाने गाडी झाकल्यावर आतले तापमान बाहेरच्यापेक्षा सुमारे अडीच अंशांनी वाढले. तेच कापड ओले करून लावले आणि छोट्या पंख्याची हवा दिली, तर ते जवळजवळ पाच अंशांनी उतरले. आपल्या आजोबांनी हे वाळ्याच्या ताट्या लावून कधीच ओळखले होते. झोळीबाबत तेवढे ध्यानात राहिले नाही, एवढेच. आडोसा झोळीला चिकटून नको. तो वर, दोन-तीन हात उंच बांधावा. खालून वारा वाहता राहिला पाहिजे.

लेकराला ऊन जास्त का लागते

मोठ्या माणसाला घाम येतो, घाम वाळतो, अंग निवते. तान्ह्या बाळाची घामाची सोय अजून पुरती तयार नसते. दुसरे, त्याच्या वजनाच्या मानाने त्याची कातडी खूप जास्त असते. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की हीच कातडी उष्णता आत घेते. तिसरे, अंगातल्या पाण्याचा साठा लहान. दोन-चार जुलाब झाले तरी मोठ्या माणसाला निभावते, पाच-सहा किलोच्या बाळाला नाही. चौथे कारण सगळ्यात मोठे, ते दुसऱ्याच्या हाती असते. दुपटे त्याला काढता येत नाही, कूस बदलून सावली गाठता येत नाही.

म्हणून ज्याला आपण ‘ऊन बाधले’ म्हणतो, ते बाळाच्या बाबतीत निव्वळ उन्हात गेल्याने होत नाही. घरातल्या घरातही होते. कमी दिवसांचे, कमी वजनाचे बाळ असेल, किंवा आधीच ताप-जुलाब असतील, तर धोका आणखी वाढतो.

अहमदाबादचा धडा

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ पर्यंत चढला. त्या एका महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असे पुढे अभ्यासातून निघाले. त्याच शहरातल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी नवजात बाळांच्या विभागाचे जुने कागद काढून पाहिले. ४२ अंशांच्या वर पारा एकेक अंशाने चढला, की उन्हामुळे दाखल होणारी बाळे सुमारे ४३ टक्क्यांनी वाढत होती. मग लक्षात आले की बाळंतिणींचा वॉर्ड अगदी वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली होता. तो खालच्या मजल्यावर नेला. ना नवे यंत्र, ना नवे औषध. एवढ्याने उन्हामुळे दाखल होणाऱ्या बाळांचे प्रमाण सुमारे ६४ टक्क्यांनी घटले.

यातून गावाने दोन गोष्टी घ्यायच्या. एक, बाळ कोणत्या छपराखाली आहे हे औषधाइतकेच महत्त्वाचे. दोन, त्या डॉक्टरांनी नोंदी उलगडून पाहिल्या म्हणून हे कळले. आपल्याकडे मे महिन्यात बाळ दगावले तर कागदावर ‘ताप’, ‘जुलाब’, ‘झटके’ असे लिहिले जाण्याचा संभव जास्त. त्या दिवशी पारा किती होता आणि घराला छप्पर कसले होते, हे विचारायला फॉर्ममध्ये रकाना नसतो. ज्याची नोंद नाही त्याचा आराखडाही नाही, हा सरकारी कामाचा जुना नियम आहे.

पाणी बाळाला नको, आईला द्या

आता घरोघरी होणारा वाद. घरातली म्हातारी म्हणते, “एवढ्या उन्हात लेकराच्या घशाला कोरड पडल, दोन चमचे पाणी तर पाजा.” सून म्हणते, आशाताईने सांगितलंय, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. खरे कोणाचे?

आशाताईचे. आईच्या दुधात शंभरात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते. उन्हाळ्यात बाळ वरचेवर पिते, थोडे थोडे पिते, आणि सुरुवातीचे दूध पातळ असल्याने त्याची तहान भागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला कडक उन्हाळ्यातही वेगळे पाणी लागत नाही. उलट पाण्याने त्याचे इवलेसे पोट भरते, दूध कमी जाते, आणि टंचाईच्या दिवसांतले गढूळ पाणी जुलाब घेऊन येते. ग्लुकोजचे पाणी, साखरेचे पाणी, दगडावर उगाळलेली घुटी यांचेही तेच. मध तर वर्षाच्या आत देऊच नये, त्यातून क्वचित पण जीवघेणी विषबाधा होते.

मात्र म्हातारीची काळजी खोटी नाही, ती फक्त चुकीच्या तोंडी पाणी घालते. तहान भागवायची ती आईची. दूध पाजायला बसताना आईजवळ तांब्याभर पाणी ठेवावे, ताक, पन्हे, आंबील, भाताची पेज द्यावी. घरात सगळ्यांचे झाल्यावर आई जेवते, आणि पाणी दोन कोसांवरून आणायचे असल्याने तीच सगळ्यात कमी पिते. म्हणून टँकर कधी येतो आणि हातपंप किती लांब आहे, हा बाळाच्या जिवाचा प्रश्न आहे. आई डोक्यावर हंडे वाहत असेल तेवढा वेळ बाळाला दूध नसते.

सहा महिन्यांनंतर मात्र वरच्या अन्नाबरोबर पाणी द्यायचे. उकळून गार केलेले, वाटी-चमच्याने, दिवसभर थोडे थोडे. बाटली नको. चाळीस-बेचाळीस अंशांत बाटलीतले दूध बघता बघता नासते आणि बूच तर नीट धुतलेच जात नाही. बाटल्या आणि दुधाच्या डब्यांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने बंदी घातली, ती उगाच नाही.

बाजेखालची शेगडी

बाळंतिणीला शेक-शेगडी देण्याची रीत जुनी आहे. थंडीच्या दिवसांत तिला अर्थ आहे. नवजात बाळाला ऊब लागते, विशेषतः कमी वजनाच्या बाळाला, आणि हिवाळ्यात गारठ्याने बाळे जातात. पण रीत महिना बघत नाही. वैशाखातही खोलीच्या खिडक्या बंद, दाराला पडदा, बाजेखाली निखारे, धुरी, आणि बाळाला झबले, टोपडे, वरून दोन दुपटी. बाहेर ४४ आणि आत त्याहून अधिक. त्यात धूर.

या रितीला हसण्यात अर्थ नाही. ती बाळाच्या मायेतूनच आली आहे. तेव्हा सासूबाईंना एवढेच विचारावे की, आज तुम्हाला स्वतःला या खोलीत दुपटे पांघरून झोपवेल का? आपल्याला जेवढे कपडे सोसतात तेवढेच बाळाला. दुपारी पातळ सुती झबले पुरे, टोपडे नको, पाय उघडे. पहाटे गारवा आला तर एक पातळ पांघरूण. बाळाचे पोट आणि पाठ हाताला कोमट लागली म्हणजे ठीक, चटका देऊ लागली म्हणजे जास्त. तेल-मालिश आणि अंघोळ सकाळी आठच्या आत उरकावी. दुपारी कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने अंग पुसले तर उत्तम. घामोळ्यांवर पावडरीचे थर नकोत, ती बाळाच्या नाकातोंडात जाते.

पत्रा आणि स्लॅब

पूर्वीची मातीची जाड भिंत, मराठवाड्यातले माळवद, विदर्भातले कवेलू ही घरे उन्हाळा झेलत होती. ती पडली, डागडुजी परवडेना, मग पत्रे आले. घरकुल मिळाले तिथे स्लॅब आला. पक्के घर हवेच. पण त्याचे ऊन वेगळे असते, ते ओळखून बाळाची जागा ठरवावी.

पत्रा सकाळी नऊपासून तापतो आणि सूर्य बुडाला की लवकर निवतो. म्हणून पत्र्याच्या घरात दुपार वाईट आणि रात्र बरी. स्लॅबचे उलटे. तो सावकाश तापतो आणि दिवसभर प्यालेले ऊन मध्यरात्रीपर्यंत ओकत राहतो, म्हणून तिथे रात्र वाईट. पत्र्याचे घर असेल तर अकरा ते चार बाळाला दुसरीकडे न्यावे. लिंबाखाली, शेजारच्या मातीच्या घरात, समाजमंदिरात, कुठेही. स्लॅबचे घर असेल तर संध्याकाळी छतावर पाणी मारावे, आणि पाणी नसेल तर बाळाला मच्छरदाणीत अंगणात निजवावे. भिंतीला लावून नको, भिंतही तापलेली असते. जमिनीवर निजवायचे तर विंचू-सापाचेही बघावे, म्हणून बाज बरी.

छपराला पांढरा चुना मारणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. पांढरे छप्पर ऊन परतवते आणि आतली खोली दोन ते पाच अंशांनी उतरते. पत्र्यावर तुराट्या, पऱ्हाट्या, तणस टाकतात, तेही काम करते. पण शेजारी चूल असेल तर आगीचे भय आहे, तेव्हा जपून.

कूलरबद्दल दोन शब्द. कोरड्या हवेत तो छान चालतो, पण खिडकी उघडी हवी. बंद खोलीत नुसता दमटपणा वाढतो. कोकणाच्या दमट हवेत त्याचा उपयोग थोडाच. आणि मुख्य म्हणजे विजेचा धक्का. लोखंडी कूलर, उघडी वायर, आर्थिंग नाही, खाली सांडलेले पाणी, आणि रांगणारे लेकरू. यात घरे उजाड झाली आहेत. पाणी भरताना आधी पिन काढायची, आर्थिंग तपासून घ्यायचे, कूलर खिडकीबाहेर ठेवायचा. आठवड्याला पाणी पूर्ण उपसून टाकी कोरडी करायची, नाहीतर डेंगीचे डास होतात. टंचाईत भरून ठेवलेली पिंपे आणि बादल्या झाकून ठेवा. रांगते मूल टीचभर पाण्यातही बुडते.

वीज गेली तर? पंखा बंद, कूलर बंद. आणि ४० च्या वर पारा गेल्यावर चालू असलेला कोरडा पंखाही गरम झळच मारतो. तेव्हा दाराला ओले पोते किंवा ओली चादर, हातात ताडाचा पंखा आणि बाळाच्या अंगावर ओलसर फडके, ही जुनी सामग्री तयार असावी.

उक्त्या कामाचा हिशेब

इथपर्यंतचे घरात करता येते. पण ज्या घरात आईच दिवसभर नसते, तिथे काय? कांदा काढणी, हळद शिजवणी, विटाची भट्टी, मोहफुले, तेंदूपत्ता, ही सारी कामे नेमकी मार्च ते मे मध्ये येतात. ऊसतोडीचा हंगाम लांबला की कोप्याही एप्रिलपर्यंत उठत नाहीत. यातली बहुतेक कामे उक्ती. टनावर, हजार विटांवर, पुड्यांवर, किंवा मापावर पैसे. उक्त्या कामात बाळाला पाजायला थांबलेला प्रत्येक पाव तास मजुरीतून जातो. आई निष्काळजी नसते. ज्या मजुरीवर घर चालते ती मजुरीच तिला थांबू देत नाही.

महाराष्ट्राला याची जाण फार आधी आली होती. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली आपली रोजगार हमी योजना १९७७ मध्ये कायदा झाली. तेव्हापासून कामावर पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि पाळणाघर या सोयी तिच्यात धरलेल्या आहेत. २००५ च्या केंद्राच्या कायद्याने तर स्पष्ट लिहिले की, सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले कामावर येत असतील तर त्यांना सांभाळायला मजुरांतलीच एक बाई नेमावी आणि तिला मजुरी द्यावी. कायद्याची नावे बदलतात, कलमे मागेपुढे होतात. झोळीतले बाळ तेच राहते.

कागद चांगला होता, मग कामावर पाळणाघर का दिसत नाही? कारणे तीन. पहिले, मागणी नाही. मजूर बाईला हा हक्क आहे हेच ठाऊक नाही, आणि ठाऊक असले तरी ‘लेकरं घेऊन येऊ नका’ असे ऐकायला मिळेल ही भीती. दुसरे, मोजणी. लेकरे किती आली हे हजेरीच्या कागदावर येतच नाही, तर पाच झाली की चार कोण ठरवणार? तिसरे, वेळ. उन्हाळ्यात काम पहाटे सहाला सुरू करून दहा-साडेदहाला संपवणे हाच शहाणपणा. पण १ जानेवारी २०२३ पासून हजेरी मोबाईलवर, दिवसात दोन वेळा फोटो काढून घेणे सक्तीचे झाले. गैरप्रकार रोखण्याचा हेतू योग्य होता. पण लवकर आलेल्या बाईला दुसऱ्या फोटोसाठी उन्हात थांबावे लागले, तर बाळाचा विचार त्यात झाला नाही असेच म्हणावे लागेल. हजेरीची पद्धत कोणतीही असो, पहाटेच्या कामाला आणि बाळाला पाजायच्या सुट्टीला तिच्यात जागा हवी.

अंगणवाडीचेही बघा. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेली ही योजना सहा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांसाठी. पण तिथे येऊन बसतात ती तीन ते सहा वयाची. त्याखालच्या लेकरांना घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसभर सांभाळ नाही. म्हणजे ज्याला उन्हाचा धोका सर्वाधिक, त्याच्यासाठी दुपारी सरकारी छप्पर नाही. आणि जिथे अंगणवाडीच पत्र्याची आहे, तिथे असून नसल्यासारखी.

लग्नसराई आणि फटफटी

एक दोष आपलाही आहे. वैशाखातली लग्ने, बारा-साडेबाराचा मुहूर्त, आणि दीड महिन्याचे बाळ फटफटीवर दोघांच्या मध्ये, तोंडावरून फडके घट्ट गुंडाळलेले. ‘मामाच्या घरचं लग्न, न जाऊन कसं चालल?’ जावे. पण पहाटेच्या एस.टी.ने जावे आणि ऊन उतरल्यावर निघावे. वाटेत दर तासाला सावलीला थांबून पाजावे. जीप किंवा मोटार बंद करून ‘झोपलंय, झोपू दे’ म्हणत बाळाला आत ठेवून कोणी उतरू नये. उन्हात उभ्या बंद गाडीतले तापमान तासाभरात वीसेक अंशांनी चढते, आणि त्यातला मोठा हिस्सा पहिल्या अर्ध्या तासातच. काच बोटभर उघडी ठेवून भागत नाही.

ओळखायचे कसे, करायचे काय

बाळ पुरेसे दूध पीत आहे की नाही हे लंगोटावरून कळते. दिवसातून सहा तरी लंगोट ओले झाले आणि लघवी फिकी असली म्हणजे ठीक. लघवी कमी किंवा गडद, तोंड कोरडे, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेलेली, डोळे खोल, बाळ चिडचिडे किंवा सुस्त, ही पाणी कमी पडल्याची खूण. अंग चटके देणारे, बाळ पीत नाही, ओकाऱ्या, झटके, हाक मारल्यावर डोळे न उघडणे, ही तातडीची खूण.

तातडीच्या वेळी आधी सावली, मग कपडे काढणे, मग साध्या पाण्याच्या फडक्याने सर्वांग पुसत वारा घालणे. बर्फ नको, बर्फाचे पाणी नको. शुद्धीवर असेल आणि ओढत असेल तर छातीशी लावावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. उन्हाने चढलेली उष्णता तापाच्या औषधाने उतरत नाही, त्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. आजारी तान्ह्या बाळासाठी १०२ ची गाडीही आहे. गाडीतही अंग ओले ठेवणे चालू द्या.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा काखेतला ताप ३७.५ च्या वर असेल तर ‘उन्हानेच असेल’ म्हणून सोडून देऊ नका. कपडे उतरवा, गार जागी न्या, पाजा, आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा मोजा. तरी उतरला नाही, किंवा बाळ मलूल असेल, तर दवाखाना. कारण तेवढ्या वयात ऊन कोणते आणि जंतूंचा ताप कोणता हे घरी ओळखता येत नाही.

जुलाब लागले तर अंगावरचे दूध चालूच ठेवायचे आणि जलसंजीवनीची पुडी द्यायची. एक लिटरची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच. अर्धी पुडी अंदाजाने टाकणे घातक. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याने. केलेले पाणी चोवीस तासांनंतर फेकायचे. दुकानात रंगीत खोक्यांतून मिळणारी गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे. ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. आशाताईकडची पुडी फुकट आणि खरी.

ग्रामसभेत हा विषय घ्या

नवजात बाळाच्या घरी आशाने भेट देण्याची पद्धत देशाला गडचिरोलीने दिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बाईला शिकवून बालमृत्यू खाली आणून दाखवले, ते काम १९९९ मध्ये जगापुढे आले आणि २०११ पासून देशभर लागू झाले. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशा घरी येते. मार्च ते जूनच्या भेटीत तिने एक प्रश्न वाढवावा: बाळ दुपारी कुठे असते आणि छप्पर कसले आहे? याला सरकारी हुकूम लागत नाही.

बाकी काम ग्रामपंचायतीचे. गावात दोन वर्षांखालची लेकरे किती, त्यातली पत्र्याखाली किती, कामावर नेली जातात ती किती, ही यादी अंगणवाडी सेविका आणि आशा मिळून दोन दिवसांत करू शकतात. अंगणवाडी आणि समाजमंदिराच्या छताला चुना, अकरा ते चार त्या खोल्या बाळ-बाळंतिणींसाठी उघड्या, तिथे पाण्याचा माठ आणि जलसंजीवनीच्या पुड्या. ज्या घरात तान्हे बाळ आहे तिथे टँकरचे पाणी आधी. जलसुरक्षकाने रोज पाण्यात ब्लिचिंग टाकले की नाही याची वहीत सही. रोजगार सेवकाने कामावर आलेल्या लेकरांची रोज मोजणी, आणि पाच झाली की सांभाळायला बाई. पैसा कुठून, असे ग्रामसेवक विचारतील. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतातच. त्यातून खुर्च्या आणि सतरंज्या घेतल्या जातात, चुनाही घेता येतो.

१ मेला ग्रामसभा भरते. झेंडावंदन होते, योजनांची यादी वाचली जाते, सह्या होतात. त्या दिवशी एखाद्या आईने उभे राहून एवढेच विचारावे की, आपल्या गावात किती झोळ्या बाभळीला टांगलेल्या आहेत? सरपंच, ग्रामसेवक, सेविका, कोणालाही आकडा सांगता आला नाही, तर यादीचा ठराव तिथल्या तिथे लिहून घ्यावा. मे महिना तेव्हा सगळाच्या सगळा पुढे असतो.